दहा लाख सूत्रप्रती आणि एक मंदिर : नाराच्या याकुशिजीची वर्गणी

शाईदौत (धागाकर्ता)

जपानच्या नारा शहरात याकुशिजी नावाचं बौद्ध मंदिर आहे, भैषज्यगुरूचं, म्हणजे रोग बरे करणाऱ्या बुद्धाचं. राणी आजारी पडली तेव्हा सम्राट तेन्मूने इ.स. ६८० मध्ये ते बांधायचा संकल्प सोडला. पुढे राजधानी नाराला हलली आणि ७१८ मध्ये मंदिरही आजच्या जागी आलं. मग आगी, भूकंप, लढाया. १५२८ च्या लढाईत मुख्य मंडप, ज्याला तिथे 'कोन्दो' म्हणतात, आणि पश्चिमेकडचा पॅगोडा जळून गेला. मूळच्यांपैकी उरला तो एकटा पूर्वेकडचा पॅगोडा, ७३० सालचा. मूर्ती उघड्यावर राहू नयेत म्हणून १६०० च्या सुमारास एक तात्पुरता मंडप बांधला, आणि त्या तात्पुरत्या मंडपाने जवळजवळ पावणेचारशे वर्षं काढली.

एवढ्या मोठ्या मंदिराला पैसे का मिळाले नाहीत, हा प्रश्न मला आधी पडला. कारणं तीन. नाराची जुनी मंदिरं अंत्यविधी करत नाहीत, त्यामुळे जपानमधल्या इतर मंदिरांना असतात तशी पिढीजात यजमान घराणी त्यांना नाहीत. दुसरं, मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, मंदिरांच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि उत्पन्नच आटलं. तिसरं, युद्धानंतरच्या राज्यघटनेने सरकारी पैसा धर्मसंस्थांना द्यायला बंदी घातली. जुन्या, संरक्षित वास्तूच्या डागडुजीला सांस्कृतिक वारसा म्हणून अनुदान मिळतं. जळून गेलेली वास्तू नव्याने बांधायची तर दमडी मिळत नाही.

१९६७ मध्ये ताकादा कोइन मुख्य भिक्षू झाले. वडील गेल्यावर लहानपणीच ते या मंदिरात आले होते. कोन्दो पुन्हा उभा राहावा ही त्यांच्या गुरूंची, हाशिमोतो ग्योइन यांची इच्छा. अंदाजे खर्च १०० कोटी येन. जपानची भरभराट सुरू होती, मोठ्या उद्योगांकडे पैसा होता, दहा-वीस दारं ठोठावली असती तर काम भागलं असतं. ताकादांनी ती वाट धरली नाही. १९६८ मध्ये त्यांनी सांगितलं की ज्याला दान द्यायचंय त्याने प्रज्ञापारमिताहृदय सूत्र, हा छोटासा बौद्ध पाठ, स्वतःच्या हाताने लिहून काढावं आणि त्या प्रतीसोबत १००० येन द्यावेत. अशा दहा लाख प्रती जमल्या की कोन्दो होईल.

लोकांना हे वेडेपण वाटलं. दहा लाख! पण ताकादांची पूर्वतयारी मोठी होती. मुख्य भिक्षू होण्याआधी वर्षानुवर्षं ते सहलीला आलेल्या शाळकरी मुलांना मंदिर दाखवत, हसवत, गोष्टी सांगत. अशी लाखो मुलं त्यांनी पाहिली होती, आणि ती आता मोठी झाली होती. ताकादा देशभर फिरले, गावोगावी व्याख्यानं दिली, टीव्हीवर गेले. 'टीव्हीवरचा भिक्षू' म्हणून टीकाही झाली. तरी प्रती येत राहिल्या, दहा लाखांचा आकडा गाठला गेला आणि १९७६ मध्ये कोन्दो उभा राहिला.

मला यात सगळ्यात मोठी वाटते ती मागण्याची रीत. नुसते १००० येन मागितले असते तर देणारा पावती घेऊन घरी गेला असता. इथे त्याला आधी तास-दीड तास बसावं लागलं, एकेक अक्षर गिरवावं लागलं. उद्योगपतीलाही एक प्रत, भाजीवालीलाही एक प्रत. मंदिर बांधायला पैसा लागतोच, पण तो कसा मागितला यावर ती वास्तू कोणाची होते हे ठरतं, असं माझं ठाम मत झालंय.

आपल्याकडेही जुने विहार, मंदिरं, वाडे यांच्यासाठी वर्गण्या निघतात. तुमचे अनुभव लिहा. याकुशिजी पाहिलेलं कोणी आहे का इथे?

मोगरा_७

सुंदर धागा. ताकादांचं नावही ठाऊक नव्हतं. दहा लाख कागदांचं पुढे काय केलं?

शाईदौत

@मोगरा_७, ते कागद मंदिरातच आहेत. नव्या कोन्दोच्या वरच्या भागात सूत्रं ठेवायचं भांडार केलंय. खाली मूर्ती, वर लोकांनी लिहिलेल्या प्रती.

योदोगावा

मी ओसाकाला राहते, तिथून नारा ट्रेनने तासाभराच्या आत. याकुशिजीत बसून सूत्र लिहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

लेखनासाठी वेगळं दालन आहे. आत जाताना गळ्यात एक अरुंद पट्टा घालतात, उपरण्यासारखा. मग एक लवंग देतात, ती तोंडात धरायची, मुखशुद्धीसाठी. दाराशी हत्तीच्या आकाराचं छोटं धूपपात्र जमिनीवर ठेवलेलं असतं, पाठीतून धूर येत असतो. ते ओलांडून आत जायचं, म्हणजे अंगही शुद्ध झालं. आत ओळीने टेबलं, खुर्च्या आहेत, मांडी घालायची सक्ती नाही. समोर छापील सूत्र, त्यावर पातळ जपानी कागद. खालची अक्षरं वर दिसतात, ती कुंचल्याने गिरवायची. त्यामुळे जपानी न येणारा माणूसही लिहू शकतो. माझ्या शेजारी शाळेतली मुलगी होती, पलीकडे एक वृद्ध गृहस्थ, हात थरथरत होता म्हणून एका हाताने दुसरं मनगट धरून लिहीत होते.

पावणेतीनशेच्या आसपास अक्षरं आहेत. पहिल्या दोन ओळींत मन इकडेतिकडे धावतं, घड्याळाकडे लक्ष जातं. मग शाईचा दाट-पातळपणा कळायला लागतो, कुंचला किती बुडवायचा ते हाताला समजतं. शेवटी तारीख, मनातली इच्छा, पत्ता आणि नाव लिहायचं. मी आईच्या गुडघ्यांसाठी लिहिलं, भैषज्यगुरूच आहे तो. मी लिहिलं तेव्हा एका प्रतीचे २००० येन घेत. घरी साहित्य मागवून, लिहून टपालाने पाठवायचीही सोय आहे.

कोन्दो झाल्यावरही हे थांबलं नाही, हे धाग्यात यायला हवं. त्याच वर्गणीतून १९८१ मध्ये पश्चिमेचा पॅगोडा, १९८४ मध्ये मधलं प्रवेशद्वार, २००३ मध्ये मोठं व्याख्यानगृह आणि २०१७ मध्ये भोजनगृह झालं. आजवर ८० लाखांहून जास्त प्रती जमल्यात. ताकादा १९९८ मध्ये गेले, पण त्यांनी घालून दिलेली पद्धत अजून चालू आहे.

मोगरा_७

योदोगावा ताई, काय सुरेख लिहिलंत! लवंगेचं वाचून एकदम जवळचं वाटलं.

चुनाविटा

मी बांधकामातला माणूस, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. पैसा उभा करणं अर्धं काम. तेराशे वर्षांपूर्वीची पद्धत जाणणारा सुतार कुठून आणायचा?

तो मिळाला. निशिओका त्सुनेकाझू, जन्म १९०८, जवळच्याच होर्युजी मंदिराच्या सुतारांच्या घराण्यातला. आजोबांकडे शिकलेला. या सुतारांची तोंडी परंपरा अशी की लाकूड विकत घेऊ नये, डोंगर विकत घ्यावा. म्हणजे झाड कुठल्या उतारावर, कुठल्या वाऱ्यात वाढलंय ते बघून त्याची जागा ठरवायची. दक्षिण उतारावर वाढलेलं झाड इमारतीच्या दक्षिण अंगाला. याकुशिजीला लागणारे प्रचंड हिनोकी वृक्ष, म्हणजे जपानी सायप्रस, जपानमध्ये उरलेच नव्हते, निशिओका तैवानच्या डोंगरांत जाऊन हजार-हजार वर्षांची झाडं बघून आले. लाकूड तासायला जुन्या काळचा भाल्याच्या पात्यासारखा रंधा वापरातून गेला होता, तोही त्यांनी पुन्हा घडवून घेतला. खिळे एका लोहाराने जुन्या पद्धतीने ठोकून दिले.

पश्चिमेचा पॅगोडा त्यांनी पूर्वेच्या पॅगोड्याहून साधारण फूटभर उंच ठेवला. नवं लाकूड आटतं, पायाही वजनाने दबतो, काही शतकांनी दोन्ही जोडीला येतील हा हिशोब. हे वाचल्यावर मी जागचा उठलो होतो. आमच्याकडे पाच वर्षांच्या हमीवर सह्या होतात.

आता जी गोष्ट लोक टाळतात ती. कोन्दोचा गाभारा आतून सिमेंट-काँक्रीटचा आहे. आतल्या कांस्य मूर्ती राष्ट्रीय ठेवा आहेत, आगीपासून त्या वाचल्या पाहिजेत म्हणून तज्ज्ञांनी काँक्रीटचा आग्रह धरला. निशिओकांचा कडाडून विरोध होता. हिनोकी हजार वर्षं टिकतं, काँक्रीट शंभर वर्षं, मग दोघांची सांगड घालता कशाला, हे त्यांचं म्हणणं. ते हरले. लोकांनी अक्षरं गिरवून दिलेल्या पैशात काँक्रीट ओतलं गेलं, हे मला खटकतं.

शाईदौत

चुनाविटा, मला दोन्ही बाजू कळतात. १५२८ च्या आगीतून त्या मूर्ती वाचल्या, त्यांचा सोनेरी मुलामा त्याच आगीत गेला असं सांगतात, आज त्या काळ्याभोर चकाकतात. ज्याने आग पाहिलीय तो काँक्रीट मागणारच. पण तुमच्या प्रश्नाचा गाभा वेगळा आहे, की देणाऱ्याला पैशाच्या वापराबद्दल विचारायचा हक्क किती? उद्योगपतीने सगळा पैसा दिला असता तर तो बैठकीत बसला असता. दहा लाख लोक बैठकीत बसू शकत नाहीत. तिथे मुख्य भिक्षूवर विश्वास ठेवूनच चालावं लागतं, आणि म्हणून त्याची जबाबदारी वाढते.

जाता जाता, मधल्या मूर्तीच्या पीठाबद्दल. त्यावर ग्रीक वळणाची द्राक्षवेल आहे, इराणी वळणाची फुलं, भारतीय वाटणाऱ्या उघड्या अंगाच्या बुटक्या आकृती आणि खाली चीनचे चार दिशांचे रक्षक प्राणी. एका चौथऱ्यावर अख्खा रेशीममार्ग.

लेणीवेडा

उशिरा पाहिला धागा. याकुशिजीचा महाराष्ट्राशी खराखुरा संबंध आहे, तो सांगायलाच हवा.

याकुशिजी होस्सो पंथाचं, म्हणजे आपल्या योगाचार विज्ञानवादाचं, बौद्धांच्या एका तत्त्वज्ञान-शाखेचं, पीठ. या पंथाचे आद्य आचार्य म्हणून ते ह्युएन त्सांगला मानतात. १९९१ मध्ये तिथे त्याच्या नावाचा वेगळा परिसर बांधला, त्यात हिरायामा इकुओ या चित्रकाराची प्रवासाची मोठी भित्तिचित्रं आहेत. हा ह्युएन त्सांग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला होता, पुलकेशीच्या राज्यात. इथले लोक उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय. डोंगरातल्या ज्या विहाराचं वर्णन त्याने केलं तो अजिंठाच असं मानतात. आणि योदोगावा ताईंनी जे सूत्र गिरवलं, ते त्यानेच चिनीत आणलेलं.

आता वर्गणीचं. आपली लेणी लोकवर्गणीतूनच झाली आहेत, आणि पावत्या दगडावर आहेत! कार्ल्याच्या चैत्यात जाऊन खांब बघा. एकेका खांबावर देणाऱ्याचं नाव. धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, दिलेले खांब आहेत, तिथल्याच एका सुताराने दरवाजाचं काम दिलंय. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने चैत्य पुरा केल्याचा लेख आहे. रायगडातल्या कुड्याच्या लेण्यांत तर माळी, लोखंडाचा व्यापारी, वैद्याच्या घरातला माणूस, असे दाते भेटतात.

नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे. त्याने नुसतं लेणं नाही दिलं, ते चालायचं कसं याचीही सोय केली. ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, कायम ठेव म्हणून ठेवले. २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १००० वर पाऊण. मुद्दल कधी मोडायचं नाही. २००० च्या व्याजातून वर्षावासात, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामात, तिथे राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी. हिशोब करून बघा : दरमहा २०, वर्षाचे २४०, वीस जणांना बारा-बारा. दगडावरचा हिशोब एका कार्षापणानेही चुकत नाही.

शाईदौत, म्हणून माझा तुमच्याशी थोडा मतभेद आहे. थेंबे थेंबे जमवलेला पैसा श्रेष्ठ, हे मान्य. पण उषवदात हा राजाचा जावई, त्याचा पैसा मोठा होता आणि तोही नीट लावलेला होता. मोठ्या देणगीला आपण आधीच खालच्या पायरीवर बसवू नये.

शाईदौत

मुद्दा पटला. उषवदाताचा लेख मी असा, ठेवीच्या बाजूने, कधी वाचला नव्हता. तरी एक सांगतो, उषवदातानेही पैसा विणकरांच्या हाती दिला. म्हणजे विहार चालायचा तर गावातला माग चालायला हवा, अशी ती बांधणी होती. तो धागा मला याकुशिजीशी जुळताना दिसतो.

पानगळ

नारामध्येच असं आधीही घडलंय. तोदाइजीचा प्रचंड बुद्ध आणि त्याचा मंडप ११८० मध्ये तैरा या सरदार घराण्याच्या सैन्याने लावलेल्या आगीत गेला. वर्गणी गोळा करायचं काम चोगेन नावाच्या भिक्षूकडे आलं, वय साठीच्या पुढे. ११८५ मध्ये मूर्तीचे डोळे रंगवून तिची प्रतिष्ठापना झाली, ११९५ मध्ये मंडप झाला. १५६७ च्या लढाईत मंडप पुन्हा जळाला. यावेळी शंभराहून जास्त वर्षं बुद्ध उन्हापावसात बसून होता. १६८४ मध्ये कोकेई या भिक्षूने झोळी हातात घेतली. कागदाचा एक ताव किंवा अर्धा पैसा दिला तरी चालेल, हीच जुनी रीत. मंडप उभा राहण्याआधीच, १७०५ मध्ये, तो गेला. १७०९ मध्ये मंडप झाला, पण पैसा आणि लाकूड पुरेना म्हणून रुंदी ११ खणांवरून ७ खणांवर आणली. आज जो भव्य मंडप पाहून आपण थक्क होतो, तो आखडता घेतलेला आहे.

अलीकडची गोष्ट. महामारीत पर्यटक थांबले आणि होर्युजीचा रोजचा खर्च निघेना. २०२२ मध्ये त्यांनी इंटरनेटवर वर्गणी मागितली, उद्दिष्ट २ कोटी येन. जमले १५ कोटींहून जास्त. तिथे सूत्र लिहायची अट नव्हती. म्हणजे लोक सरळ मागितलं तरी देतात.

योदोगावा

पानगळ, होर्युजी उभंच होतं, फक्त जपायचं होतं. जे नाही ते पुन्हा बांधायला पैसे मागणं अवघड. कोन्दो होण्याआधी लोकांना दाखवायला होतं काय? मोकळी जागा आणि एक भिक्षू.

आणि टीकाही झाली, तीही लिहिते. नवा पश्चिम पॅगोडा लालभडक रंगाचा, खिडक्यांना हिरवे गज. शेजारी तेराशे वर्षांचा राखाडी, शांत पॅगोडा. बऱ्याच जपानी लोकांना हे डोळ्यांत खुपतं. मला स्वतःला आवडतं. पूर्वेचा पॅगोडाही नवा होता तेव्हा असाच झगझगीत होता, हे दोघांना शेजारी बघितल्यावरच कळतं.

विहार_खजिनदार

सर्वांना जय भीम. विदर्भातल्या एका वस्तीतल्या विहाराचा हिशोब मी सांभाळतो. आमचा विहार जुना, पण 'ऐतिहासिक' म्हणावा असा नाही. विटामातीची भिंत, वर पत्रे. पावसाळ्यात मूर्तीवर ताडपत्री टाकावी लागायची. तो पाडून नव्याने बांधतोय, स्लॅब पडलाय, गिलावा बाकी आहे.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. त्या पिढीने पोटाला चिमटा काढून विहार उभे केले. आमचे आजोबा गिरणीत होते, पगाराच्या दिवशी विहाराचे पैसे बाजूला काढूनच पाकीट घरात द्यायचे. त्यामुळे धागा वाचताना ताकादांची रीत मला परकी वाटली नाही.

अनुभव सांगतो. पहिल्या टप्प्यात एका पुढाऱ्याने मोठी रक्कम जाहीर केली. हारतुरे झाले, फोटो झाले. रक्कम आली नाही, आणि वस्तीतले लोक म्हणायला लागले, आता तर पैसे आलेत, आमचे कशाला? काम दोन वर्षं रखडलं. मग आम्ही पद्धत बदलली. दर पौर्णिमेला जमा-खर्च विहाराच्या दारावर खडूने लिहायचा, सिमेंटच्या पोत्यांसकट. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने रविवारी श्रमदान करायचं, आणि त्याचं नाव त्याच फळ्यावर, रक्कम देणाऱ्याच्या शेजारी. गवंडीकाम करणारी पोरं आमच्याच वस्तीत आहेत, त्यांनी मजुरी अर्धी घेतली. स्लॅबच्या दिवशी सत्तरीची एक आजी घमेलं घेऊन रांगेत उभी राहिली, कोणी बाजूला हो म्हटलं तर ऐकेना.

एक प्रश्न आहे. पंखा, खिडकी, फरशीवर नाव टाकायचं का, यावरून कमिटीत वाद चालू आहे. लेणीवेडा म्हणतात खांबांवर नावं होती. याकुशिजीत नाव कागदावर, आणि तो कागद वर भांडारात. तुमचं काय मत?

लेणीवेडा

जय भीम दादा. नाव टाका, पण सारख्या अक्षरात टाका. कार्ल्याच्या खांबांवरची अक्षरं बघा, देणारा कोण आणि कुठला एवढंच सांगतात. अडचण नावाची नसते, नावाच्या आकाराची असते. घमेलं उचलणाऱ्या आजींचं नाव त्याच अक्षरात आलं पाहिजे.

मोगरा_७

मला वाटतं नावं भिंतीवर नकोतच. दादा, तुमच्याकडे वर्षावासात ग्रंथवाचन होत असेलच. त्यासोबत लेखन बसवता येईल का? त्रिशरण, पंचशील आणि एखादं सुत्त, प्रत्येकाने स्वतःच्या अक्षरात. शेवटी नाव, तारीख, आणि जमेल तेवढं दान. लहान मुलंही लिहितील.

विहार_खजिनदार

ताई, कल्पना आवडली. आमच्याकडे काही आज्यांना लिहिता येत नाही. योदोगावा ताईंनी सांगितलं तसं खाली छापील अक्षर आणि वर पातळ कागद ठेवला तर त्याही गिरवतील, अंगठ्यापेक्षा ते बरं. येत्या पौर्णिमेच्या बैठकीत मांडतो. गिलावा आणि फरशी मिळून जो खर्च आहे त्याला लेखनाचं उद्दिष्ट लावू. कागद कुठला घ्यावा आणि पुढे ठेवायचा कसा, हे जाणकारांनी सांगावं. छताखाली पोटमाळा काढायला जागा आहे.

चुनाविटा

पोटमाळा चालेल, पण पत्र्याला लागून नको, उन्हाळ्यात कागद भाजतो. स्लॅबच्या खाली घ्या, दोन बाजूंनी जाळी लावून हवा खेळती ठेवा. वाळवीचं आधी बघा. याकुशिजीचा पूर्व पॅगोडा २००९ नंतर सुटा करून दुरुस्त केला, २०२० पर्यंत काम चाललं, तेव्हा मधल्या मुख्य खांबाचा बुंधा वाळवीने आतून पोखरलेला निघाला होता. तिथे होऊ शकतं तर विदर्भात नक्कीच. गिलाव्याच्या आधीच पायाशी औषध मारून घ्या, नंतर भिंत फोडावी लागेल. पेटी लाकडी नको, पत्र्याची घ्या.

शाईदौत

गिरवायला ट्रेसिंग पेपर वापरू नका, काही वर्षांत पिवळा पडून तुटतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. त्यांच्याकडे पातळ कागद मागून बघा, खालची अक्षरं दिसतात का ते एका तावावर आधी तपासा. बॉलपेन नको, काळी शाई आणि जाड निब. छापील नमुन्याची अक्षरं मोठी ठेवा, आज्यांना दिसली पाहिजेत. अक्षरांचा नमुना मी सुलेखन करून देतो, त्याचे पैसे नकोत. दादा, मजकूर कुठला घ्यायचा ते बैठकीत ठरलं की इथेच लिहा.

योदोगावा

आणि लवंग विसरू नका. एका प्रतीचे पैसे मी आत्ताच सांगून ठेवते, माझी प्रत ओसाकाहून टपालाने येईल.